कागदासकट वजन

घाटकोपर पश्चिमेच्या बाजारात नगीनदास शेठचं सोन्याचांदीचं दुकान होतं आणि त्या दुकानात काट्यावर गुणाजी घाडी बसायचा. दुकानात माणसं सहा, पण काट्याला हात लावायची मुभा दोघांनाच. एक खुद्द शेठ आणि दुसरा हा कणकवलीकडचा, नाकावर माशी बसली तरी आधी वजन पुरं करणारा गृहस्थ. सोनारकामाशी त्याच्या घराण्याचा काडीचा संबंध नव्हता. परळच्या एका गिरणीत टेस्टिंग खात्यात त्याने एकवीस वर्षं सूत तोललं होतं. ठरावीक लांबीची लडी घ्यायची, नाजूक काट्यावर घालायची आणि वजनावरून सुताचा नंबर सांगायचा, एवढंच काम. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी गेली, खातं गेलं, पण हात शिल्लक राहिला. चाळीतल्या कुणीतरी ही गोष्ट शेठच्या कानावर घातली. शेठने नाकातली एक चमकी पुढे टाकली आणि दिवसातून तीनदा तोलायला लावली. तिन्ही वेळा आकडा तोच आला. दुसऱ्या दिवसापासून गुणाजी कामावर होता.

त्याचा एक नियम होता आणि त्या नियमापायी गिऱ्हाइकं कधीकधी वैतागायची. दागिना उघडा करूनच तोलायचा. बायका जुनं सोनं गुलाबी कागदात गुंडाळून आणायच्या. तो कागद सोडवायचा, दोरा असला तर दोरा काढायचा, मंगळसूत्राचे काळे मणी वेगळे करायचा, पोकळ पाटलीत लाख भरलेली असली तर तिची वजावट बोलून दाखवायचा. एकदा एका बाईने थट्टेने विचारलं, की घाडी, कागदाला कसलं आलंय वजन? गुणाजी हसलासुद्धा नाही. कागदाला वजन असतं म्हणूनच काढतो, म्हणाला. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं. त्याची बायको प्रेमा सांगायची, की आमटीत मीठ घालताना यांच्याकडे पाहू नये, चमचा हातातच राहतो.

आता सोन्याच्या दुकानदाराला पोलिसांशी गोडीगुलाबीने राहावं लागतं. चोरीचा माल कुठे जिरला याची चौकशी निघाली की पहिला फेरा त्याच्या दुकानावर. म्हणून ठाण्यातून पंच मागितला की शेठ गुणाजीला पाठवून द्यायचा. पंच म्हणजे पोलिसांनी काही जप्त केलं तर ते समोर उभं राहून पाहणारा आणि पंचनाम्याखाली सही करणारा त्रयस्थ माणूस. असे दोघे लागतात. एक गुणाजी आणि दुसरा ठाण्यासमोरचा पंक्चरवाला, हे जणू ठरूनच गेलं होतं. दोन वर्षांत गुणाजी सात वेळा पंच झाला. त्याला त्यात थोडी ऐटही वाटायची, खोटं कशाला बोला. गिरणीच्या फाटकावर ज्याने पाठीत काठी खाल्ली त्याला ठाण्यात खुर्ची मिळते, चहा मिळतो, साहेब "या घाडी" म्हणतो. माणसाला एवढंसुद्धा पुरतं.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये एका दुपारी हवालदार भाऊराव दुकानात आला. भाऊराव कुडाळकडचा, म्हणजे जवळजवळ गाववालाच. साहेबांनी बोलावलंय आणि येताना काटा आण, असा निरोप होता. गुणाजीने लाकडी पेटीतला हातकाटा काखोटीला मारला आणि निघाला. आठवी वेळ.

ठाण्यात टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर पाच पुड्या. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाच्या, नीट घड्या घातलेल्या. कोपऱ्यात भिंतीला टेकून एकजण उकिडवा बसला होता. त्याने मान वर केली आणि गुणाजीने ओळखलं. तो चंद्रप्रकाश होता, मालनचा मुलगा.

मालन म्हणजे भटवाडीच्या टेकडीवर गुणाजीच्याच चाळीत, मधली दोन दारं सोडून राहणारी बाई. म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात ती आया होती. नवरा गेल्यावर जालन्याकडून एकुलत्या लेकराला घेऊन आली, भावाच्या ओळखीने चिकटली आणि त्याला बारावीपर्यंत शिकवलं. चंद्रप्रकाश साकीनाक्याला एका कारखान्यात लागला, तिथल्या सोबत्यांकडून चंदेरी पन्नीवर गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढायला शिकला आणि दीड वर्षात त्याचं पार चिपाड झालं. चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षांत अंधेरी काय, बोरिवली काय, मुलुंड काय, असा एकतरी मुलगा नाही अशी चाळ शोधून सापडली नसती.

"काका," तो हळूच म्हणाला, "आईला सांगू नका."

साहेबांना घाई होती. गुणाजीचा हात सवयीने पहिली पुडी सोडवायला गेला.

"सोडू नको," साहेब म्हणाले. "पंख्याने उडालं तर तू भरून देणार का? टाक सगळ्या एकदम."

पंखा बंद करता आला असता. हे वाक्य गुणाजीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. ठाण्यात साहेबाला पंखा बंद करा म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. त्याने पाचही पुड्या कागदासकट पारड्यात टाकल्या, चिमट्याने वजनं लावली आणि आकडा सांगितला. एक ग्रॅम शंभर मिलिग्रॅम. कारकुनाने लिहिलं, भुरकट रंगाची पावडर, एकूण वजन एक ग्रॅम शंभर मिलिग्रॅम. कागदाचं नावसुद्धा त्यात नव्हतं. गुणाजीने ते वाचलं, सही केली, चहा प्याला आणि पेटी उचलून दुकानात परत आला.

दीड वर्षापूर्वीच दिल्लीत नवा कायदा झाला होता, याची त्याला गंधवार्ता नव्हती. पाव ग्रॅमपर्यंत गर्द सापडली आणि ती स्वतःसाठी होती असं दाखवता आलं, तर जास्तीत जास्त एक वर्ष. पाव ग्रॅमच्या वर गेली की दहा वर्षं आणि वर लाखाचा दंड. मधे काही नाही. गरीब पाहून कमी करू म्हणायची सोय न्यायाधीशालाही ठेवली नव्हती. पाव ग्रॅम म्हणजे सोनाराच्या जुन्या मापात दोन गुंजा. दिवसाला शंभरदा असला फरक डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या माणसाने त्या दिवशी तो पाहिला नाही.

मुलाने सांगितलं म्हणून त्याने दोन दिवस मालनला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला बाहेरून कळलं आणि ती धावत कुणाकडे आली असेल तर गुणाजीकडे. तुमची ठाण्यात ओळख आहे, माझ्यासंगट चला, म्हणाली. तो गेला. तिच्या शेजारी बाकावर तीन तास बसला. भाऊरावाने त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. मालनला वाटलं, देवमाणूस आहे, कामधंदा टाकून आला.

याहून वाईट पुढे झालं. आरोपपत्राची प्रत मिळाली तेव्हा मालनला अक्षर वाचता येत नव्हतं. ती कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गुणाजीच्या दाराशी आली. गुणाजीने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर त्याचंच नाव होतं. पंच क्रमांक एक, गुणाजी सखाराम घाडी, राहणार भटवाडी. त्याने ती ओळ गाळली. पुढची ओळ त्याच सुरात वाचली, पान उलटलं, आणि मालन मान हलवत ऐकत राहिली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. प्रेमाने विचारल्यावर त्याने तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "ह्यां लचांड आपल्याक नको. कुणाकडे बोलू नकात." त्याला तेच ऐकायचं होतं.

जामीन नाही, नाही, आणि परत नाही. सरकारी वकील तारीख मागायचा, मुलाचा फुकटचा वकील तारखेला यायचाच असं नाही. मालन रविवारी डबा घेऊन तुरुंगावर जायची आणि येऊन सांगायची, की पोराची गर्द सुटली, अंगावर मांस धरलंय, आता काय अडचण आहे बाहेर सोडायला? एक वर्ष झालं, दीड वर्ष झालं. जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा असायला हवी होती, ती खटला उभा राहायच्या आधीच भोगून वर उरली होती.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात एक जथा आला.

अकरा माणसं आणि एक टेम्पो. पुण्याहून निघून बोरिवली, अंधेरी, वाकोला असं करत, मुलुंड-भांडुप आटोपून ते घाटकोपरला पोचले होते. कधी शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे, कधी विहारात, कधी युनियनच्या कचेरीत. टेम्पोच्या बाजूला फलक बांधला होता, व्यसनी माणूस आजारी आहे, त्याला खाट द्या, कोठडी नको. दुसऱ्या बाजूला होतं, पुडीवाला आत, पोतंवाला बाहेर. ते कायदा बदला म्हणत होते, पाव ग्रॅमची रेघ आणि दहा वर्षांची सक्ती काढा म्हणत होते, झडतीच्या वेळी नागरिकाला काही हक्क असतात म्हणत होते. भोंग्याला परवानगी मिळाली नव्हती, त्यामुळे हे सगळं डफ वाजवून, घसा फोडून चाललं होतं. एक साध्या वेशातला शिपाई कट्ट्यावर बसून नावं लिहून घेत होता. त्याला ते लोक चहासुद्धा देत होते.

चाळीने त्यांचं स्वागत केलं असं म्हणवत नाही. गर्दुल्ल्यांचे वकील आले, असंच बहुतेकांचं मत पडलं. एका बाईने पायातली चप्पल काढली आणि ओरडली, की माझ्या गळ्यातलं विकलं माझ्या पोराने, त्याला फासावर द्या, खाट कसली देता? डफ वाजवणारा मार्तंड खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला. मावशी, मीपण आईचं विकलं होतं, मारायचं तर मला मार, म्हणाला. बाईने चप्पल खाली टाकली आणि मटकन बसली. रडायला लागली. गुणाजी हे सगळं मागच्या भिंतीला टेकून पाहत होता. पाहून घरी जायचं, असा त्याचा विचार होता.

कुणाचं तुरुंगात माणूस असेल तर कागद घेऊन या, असं त्यांनी जाहीर केलं. घडीच्या टेबलाशी उत्तरा नावाची बाई बसली होती. पार्ल्याची, चाळिशीची, कॉलेजात शिकवणारी, बिनपगारी रजा काढून वणवण करत निघालेली. मालन पिशवी घेऊन पुढे गेली. उत्तराबाईंनी कागद काढले आणि तिला कळावं म्हणून मोठ्याने वाचायला लागल्या. त्यांनी काही गाळलं नाही.

नाव ऐकल्यावर मालनने मागे वळून पाहिलं. गुणाजी पळाला असता तर बरं झालं असतं, पण तो भिंतीलाच टेकून राहिला. ती गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर आली.

"माझ्यासंगट ठाण्यात बसला होता तुमी," ती म्हणाली. "माझ्यासंगट."

एवढंच बोलून ती कागद न घेताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराबाई एकट्या दाराशी आल्या. प्रेमाने आत या म्हटलं नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून एकच विचारलं, की तोलताना पुड्या उघडल्या होत्या का? कारण पंचनाम्यात कुठे तसं लिहिलेलं नाही, आणि पाच पुड्यांत एक ग्रॅमच्या वर गर्द भरतच नाही, हे मार्तंड अनुभवाने सांगत होता. रासायनिक तपासणीला एकच पुडी पाठवली होती आणि अहवालात फक्त गर्द आहे एवढं म्हटलं होतं. उरलेल्या चार पुड्या मुद्देमालाच्या खोलीत पावसाळ्यात भिजून लगदा झाल्या होत्या. परत तोलायला काहीच शिल्लक नव्हतं. पंक्चरवाला मुलखाला गेला तो परतलाच नव्हता. राहिला एकटा गुणाजी.

"आठवत नाही," गुणाजी म्हणाला.

दोन दिवसांनी त्या परत आल्या. तो परत तेच म्हणाला. त्याच संध्याकाळी भाऊराव बाजारात भेटला, खांद्यावर हात टाकून चालू लागला. समन्स मीच घेऊन येणार आहे, म्हणाला. पंचाने कोर्टात शब्द फिरवला की त्याच्यावर फितूर असा शिक्का बसतो, खोट्या साक्षीचा खटलाही होऊ शकतो, हे त्याने अगदी काळजीने समजावलं. "तू गप ऱ्हव, गुणाजी," तो म्हणाला, "तुका कोण विचारता?" भाऊराव दुष्ट नव्हता. आपल्या माणसाला खड्डा दाखवावा तसा तो दाखवत होता. शेठने तर काहीच म्हटलं नाही. फक्त काट्यावर माणूस निर्वेध लागतो, पोलिसांची नजर असलेला चालत नाही, असं हवेत बोलून हिशोबाला लागला.

गुणाजी गप्प राहिलाही असता. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आधी त्याने एक गोष्ट केली. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्याचे पुडीएवढे पाच चौकोन कापले, घड्या घातल्या आणि मोठ्या काट्यावर ठेवले. नऊशे मिलिग्रॅम. त्याने काढले, परत ठेवले. नऊशे. अकराशेतून नऊशे गेले की दोनशे राहतात. पाव ग्रॅमला पन्नास कमी. दहा वर्षांची शिक्षा कॅलेंडरच्या कागदाची होती. चिमटा पेटीत ठेवायचा राहून गेला. इतक्या वर्षांत काट्यावर असं कधी झालं नव्हतं.

जथा त्या दिवशी नाशिककडे निघायचा होता. उत्तराबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्याने दार स्वतः उघडलं आणि सगळं सांगितलं. पंख्याचंसुद्धा सांगितलं. त्या म्हणाल्या, की काय बोलायचं ते आम्ही शिकवणार नाही, जे झालं तेवढंच बोला, त्याने काम होईल. शिकल्यासवरल्या माणसांचा खऱ्यावर फार विश्वास असतो. गुणाजीचाही त्या क्षणी बसला. दोन दारं पलीकडे आपल्या दारात मालन उभी होती. तिने ऐकलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. प्रेमा चुलीकडे तोंड करून बसली होती, तिने त्याला अडवलं नाही. जा, पण धुवट शर्ट घालून जा, एवढंच नंतर म्हणाली.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत गुणाजी सेशन्स कोर्टात साक्षीला उभा राहिला. आरोपीच्या पिंजऱ्यात चंद्रप्रकाश होता, अंगाने भरलेला, केस नीट विंचरलेला. मागच्या बाकावर मालन आणि नाशिकहून रात्रभर एसटीने आलेल्या उत्तराबाई. गुणाजीने शपथ घेतली आणि सांगितलं, की पुड्या सोडल्या नव्हत्या, वजन कागदासकट होतं. उत्तराबाईंनी मालनचा हात धरला.

सरकारी वकिलाने साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलट प्रश्न विचारायची परवानगी घेतली. तो काही आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्याने सावकाश विचारलं, की आपण सोन्याच्या दुकानात किती वर्षं तोलता? सहा. दागिना कागदासकट कधी तोललात? नाही. एकदाही? एकदाही नाही. गिऱ्हाइकाने घाई केली तरी? तरी नाही. गुणाजीला वाटलं, आपला प्रामाणिकपणा हा माणूस मान्य करतोय. तो जरा ताठ उभा राहिला.

"म्हणजे साध्या चमकीला जे करत नाही," वकील म्हणाला, "ते सरकारी पंचनाम्यात केलं, असं कोर्टाने मानायचं?"

मग वकिलाने विचारलं, की वजनाच्या वेळी तुम्ही हरकत घेतलीत का? नाही. सही करण्यापूर्वी मजकूर वाचला होता? वाचला होता. कागदाचा उल्लेख नाही हे दिसलं होतं? दिसलं होतं. तेव्हा बोलला नाहीत? नाही. दोन वर्षांत कुणाकडे तक्रार केलीत? नाही. आरोपी आपल्या चाळीतलाच ना? हो. त्याच्या आईला आपण ओळखता? हो. हा टेम्पोतून हिंडणारा जथा आपल्या घरी आला होता? आला होता. किती वेळा? तीन वेळा. पहिल्या दोन वेळा त्यांना काय सांगितलंत? आठवत नाही असं सांगितलं. तिसऱ्या वेळी आठवलं? गुणाजीने कॅलेंडरच्या कागदाचं सांगायला तोंड उघडलं. वकिलाने विचारलं, की तो कागद त्याच पुड्यांचा होता का? नव्हता. मग खाली बसा. बसायला तिथे काही नव्हतं, तो उभाच राहिला.

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या वेळी बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं, आणि ते खरोखर जाणून घ्यायला विचारत होते.

का नाही बोललो? कोर्टातल्या प्रत्येक शिपायाला, कारकुनाला, पट्टेवाल्याला ते ठाऊक होतं. सांगायचं काय होतं, की ठाण्यात मला खुर्ची मिळते? की शेठला पोलीस गोड हवेत? की फिरणारा पंखा साहेबांचा होता? गुणाजी ततपप करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "नाही बोललो, साहेब." ते तसंच टंकलिखित झालं.

आठवड्याने निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, की वय पाहता, व्यसन सुटलेलं पाहता त्यांना वाईट वाटतं, पण वजन सिद्ध झालं आहे आणि दहा वर्षांच्या खाली जायला कायद्याने त्यांना जागा ठेवलेली नाही. दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख दंड, तो न भरल्यास आणखी दोन वर्षं. साक्षीदार घाडी याची साक्ष विश्वासार्ह नाही, हेही त्यांनी वाचलं. गुणाजीवर खटला वगैरे काही झाला नाही. त्याला कुणी तेवढंसुद्धा मोजलं नाही. शेठने त्याला काट्यावरून उठवून डब्या पॅक करायला बसवलं होतं, ते साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी.

कोर्टाबाहेर जथ्यातली पाच माणसं फलक घेऊन उभी होती. पोलिसांनी त्यांना पलीकडच्या फुटपाथवर हाकललं होतं. निकाल ऐकल्यावर मार्तंडने डफ वाजवायला घेतला आणि दोनतीन थापांनंतर थांबवला. उत्तराबाईंचे डोळे लाल झाले होते. आपण हायकोर्टात जाऊ, त्या मालनला म्हणाल्या. किती दिस लागतील, मालनने विचारलं. तीन वर्षं, कदाचित चार, असं त्यांनी खोटं न बोलता सांगितलं. ही केस आम्ही गावोगाव सांगू, असंही म्हणाल्या. मालनने मान हलवली. त्यांना सकाळपर्यंत धुळ्याला पोचायचं होतं. त्या वारंवार मागे वळून पाहत गेल्या.

चंद्रप्रकाशला घेऊन जाणारी गाडी मागच्या फाटकाने निघून गेली होती, ती मालनला दिसलीच नाही. ती कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली. गुणाजी दोन पायऱ्या खाली उभा राहिला. आता ही बाई तोंड सोडेल आणि ते ऐकून घ्यायचं, एवढंच काम आपल्या हाताला उरलंय, असं त्याला वाटत होतं. त्याला ते हवंही होतं. ती रस्त्याकडे पाहत होती.

"तुमी साक्षीत खोटं बोलला असता ना भाऊ," ती म्हणाली, "तर शिव्या द्यायला मला एक माणूस राह्यला असता."

"द्या ना," गुणाजी म्हणाला. "मलाच द्या."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ दोनतीनदा हलले. तिने खरंच प्रयत्न केला असावा, पण तिला एकही शिवी देता आली नाही.